रक्ताच्या कॅन्सरवरची गोळी आणि प्रतिकारशक्तीचं कोडं : गर्ट्रूड एलियनची गोष्ट

१९५० च्या आसपास एखाद्या मुलाला तीव्र ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झाला, तर डॉक्टरांच्या हातात फारसं काही नसायचं. निम्मी मुलं तीन-चार महिन्यांत दगावायची. हे चित्र बदलण्यात जिचा मोठा वाटा आहे, त्या गर्ट्रूड एलियनकडे पीएचडीसुद्धा नव्हती.

गर्ट्रूडचा जन्म १९१८ चा, न्यूयॉर्कमधला. ती १५ वर्षांची असताना तिचे लाडके आजोबा पोटाच्या कॅन्सरने गेले आणि तिने केमिस्ट्री शिकायचं ठरवलं. १९३७ मध्ये ती उत्तम गुणांनी पदवीधर झाली, पण बाई म्हणून प्रयोगशाळेत कोणी उभं करेना. पुढे १९४१ मध्ये ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो तरुण हृदयाच्या जिवाणूसंसर्गाने गेला. थोड्याच वर्षांत आलेल्या पेनिसिलिनने तो कदाचित वाचला असता. तिने नंतर लग्न केलं नाही.

मग महायुद्ध आलं, पुरुष सैन्यात गेले आणि नोकऱ्या मोकळ्या झाल्या. तिला आधी मिळाली ती लोणच्याचा आंबटपणा तपासण्याची! वडील दाताचे डॉक्टर. त्यांच्याकडे बरोज वेलकम कंपनीच्या वेदनाशामक गोळ्यांचे नमुने यायचे. तिथे विचारून बघ, असं त्यांनी सुचवलं आणि १९४४ मध्ये ती जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली रुजू झाली.

हिचिंग्ज यांची कल्पना सरळ होती. पेशीला दुप्पट व्हायचं तर नवा डीएनए बनवावा लागतो आणि त्यासाठी प्युरिन नावाचा कच्चा माल लागतो. त्या मालासारखाच दिसणारा खोटा माल पेशीला दिला तर? एलियनने एका प्युरिनमधल्या ऑक्सिजनच्या जागी सल्फर बसवला आणि ६-मर्कॅप्टोप्युरिन तयार झालं. १९५३ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. मुलं बरी होऊ लागली, पण बहुतेकांचा आजार परत यायचा. हे तिला फार लागलं. इतर औषधांसोबत ते वापरायला लागल्यावर, पुढच्या काही दशकांत, खरा फरक पडला.

पण हे औषध कॅन्सरची पेशी ओळखून मारत नाही. भराभर वाढणारी पेशी दिसली की तिला अडवतं. जंतू शिरला की आपल्या लिम्फोसाइट पेशीही अशाच भराभर वाढतात. १९५९ मध्ये बोस्टनच्या रॉबर्ट श्वार्ट्झ आणि विल्यम डॅमेशेक यांनी दाखवलं की हे औषध दिलेले ससे परक्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी तयार करत नाहीत. म्हणजे ल्युकेमियावरचं औषध प्रतिकारशक्तीही झोपवत होतं.

एकाचा तोटा दुसऱ्याच्या कामी आला. रॉय कॅल्न यांनी कुत्र्यांच्या किडनी प्रत्यारोपणात ते वापरून पाहिलं. एलियनने त्याचंच भावंड, अॅझाथायोप्रिन, पुढे केलं आणि १९६२ पासून नात्याबाहेरच्या माणसाची किडनीही शरीरात टिकू लागली.

ल्युकेमियाच्या मुलांसाठी मात्र तो तोटाच होता. साध्या कांजिण्याही जीवघेण्या ठरायच्या. त्यावरचं अॅसायक्लोव्हिर १९७० च्या दशकात आलं, तेही याच कंपनीतून, एलियनच्या विभागातून. न्यूमोसिस्टिस या बुरशीमुळे होणाऱ्या न्यूमोनियावर १९७७ मध्ये को-ट्रायमॉक्साझोल उपयोगी ठरलं. भारतात सेप्ट्रान नावाने ओळखली जाणारी हीच गोळी. तिच्यातलं ट्रायमेथोप्रिम हिचिंग्ज यांच्याच प्रयोगशाळेची देणगी. एका गोळीने उघडं पाडलेलं दार त्याच घरातल्या दोन गोळ्यांनी राखलं, असा योग औषधांच्या इतिहासात क्वचितच दिसतो.

१९८८ मध्ये हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्यासोबत तिला नोबेल मिळालं. २१ फेब्रुवारी १९९९ रोजी ती वारली.

ल्युकेमियाच्या अनेक मुलांना आजही ६-मर्कॅप्टोप्युरिन साधारण दोन वर्षं रोज घ्यावं लागतं. उपचार थांबल्यावर बहुतेकांच्या लिम्फोसाइट काही महिन्यांत ते वर्षभरात पुन्हा भरून येतात. पण बाळपणी घेतलेल्या गोवरासारख्या लसींच्या अँटिबॉडी काही मुलांत नाहीशा झालेल्या आढळतात. म्हणून उपचार संपल्यानंतर काही महिन्यांनी डॉक्टर रक्त तपासून किंवा थेटच काही लसी पुन्हा देतात.