हॅरिएट टबमन

अमेरिकेच्या मेरीलंड राज्यात, डॉर्चेस्टर परगण्यातील एका गुलाम कुटुंबात १८२२ च्या सुमारास अरामिंटा रॉस जन्मली. नक्की तिथी उपलब्ध नाही. गुलामांच्या बाबतीत तेवढी आस्था कोण दाखविणार! पोरवयातच तिला परक्या घरी कामाला धाडण्यात आले. पुढे एका मुकादमाने दुसऱ्याच गुलामावर भिरकावलेले २ पौंडांचे वजन तिच्या डोक्यावर आदळले. तेव्हापासून बोलता बोलता तिला एकाएकी गाढ झोप लागे. ही व्याधी जन्मभर सुटली नाही.

१८४४ मध्ये जॉन टबमन या स्वतंत्र कृष्णवर्णीयाशी तिचा विवाह झाला. आईचे हॅरिएट हे नावही तिने धारण केले. १८४९ मध्ये मालक वारला. आता आपली विक्री होणार, या भयाने ती दोघा भावांसह पळाली. पण भाऊ कचरले आणि तिलाही माघारी यावे लागले. मग ती एकटीच निघून पेनसिल्व्हेनियात पोहोचली.

स्वतःची सुटका झाल्यावर पुन्हा त्या नरकात पाऊल टाकण्याचे तिला काहीच कारण नव्हते. तरीही ती जात राहिली. १८५१ मध्ये पतीस आणावयास गेली, तो त्याने दुसरा संसार थाटलेला! दुःख गिळून तिने दुसऱ्याच काही गुलामांना सोबत घेतले. १८५० च्या कायद्याने पळालेल्या गुलामांना उत्तरेतही थारा उरला नव्हता, म्हणून तिला त्यांना थेट कॅनडापर्यंत न्यावे लागे. ती हिवाळ्यातील लांब रात्री निवडी. शक्यतो शनिवारी निघे, कारण सोमवारपूर्वी वृत्तपत्रांत शोधाची जाहिरात येत नसे. तान्ही मुले रडू नयेत म्हणून त्यांना अफूचा अर्क चाटवी. जुन्या चरित्रांत ३०० जणांच्या मुक्ततेचा उल्लेख आढळतो, तो अतिशयोक्त होय. सुमारे १३ फेऱ्यांत तिने ७० च्या आसपास माणसे सोडविली. त्यांत १८५७ मध्ये आणलेले तिचे वृद्ध आईवडीलही होते. वाटेत एकही माणूस तिने गमावला नाही.

यादवी युद्धात ती परिचारिका झाली, हेरही झाली. २ जून १८६३ रोजी दक्षिण कॅरोलायनातील कोंबाही नदीवरील छाप्यात तिने सैन्याला वाट दाखविली आणि ७०० हून अधिक गुलाम मुक्त झाले. एवढ्या सेवेचा मोबदला मात्र तिला वेळेवर मिळाला नाही. तिचा दुसरा पती सैनिक होता. त्याची विधवा म्हणून मिळणारे दरमहा ८ डॉलर, तिच्या स्वतःच्या सेवेपोटी २० करावयास संसदेला १८९९ साल उजाडावे लागले.

स्वतः हलाखीत असूनही न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न येथील तिचे घर निराश्रितांनी भरलेले असे. तेथील आपली जमीन तिने वृद्धाश्रमासाठी चर्चला दिली. १९०८ मध्ये आश्रम सुरू झाला. पुढे थकल्यावर तीही तेथेच राहावयास गेली आणि १० मार्च १९१३ रोजी तेथेच निवर्तली.