वाळवंटाचा चित्रकार

ऑस्ट्रेलिया खंडाच्या मध्यभागी तांबड्या मातीचा विस्तीर्ण प्रदेश पसरला आहे. पाऊस तेथे क्वचितच पडतो आणि नद्यांची पात्रे वर्षातील बहुतेक दिवस कोरडी असतात. ह्या प्रदेशातून मॅक्डॉनेल नावाच्या पर्वतरांगा पूर्व-पश्चिम गेल्या आहेत. त्यांचे कडे सकाळी जांभळट, दुपारी तांबूस आणि मावळतीच्या उन्हात पेटल्यासारखे लाल दिसतात. त्यांच्या पायथ्याशी आपल्या परिचयाच्या निलगिरीच्या कुळातील एक वृक्ष वाढतो. त्याचा बुंधा चुन्याने सारवल्यासारखा पांढराशुभ्र असतो. हा मुलूख उजाड आहे, तेथे पाहण्याजोगे काही नाही, असे समुद्रकाठच्या शहरांतील पुष्कळ लोक समजत असत. त्यांची ही समजूत ज्याने आपल्या कुंचल्याने पालटविली, तो आल्बर्ट नामाट्जिरा ह्याच मुलखाचा पुत्र होता.

आल्बर्टचा जन्म २८ जुलै १९०२ रोजी हर्मन्सबर्ग येथे झाला. फिंक नदीच्या काठी जर्मन धर्मोपदेशकांनी १८७७ साली वसविलेली ही छोटी वसाहत. त्याचे आईबाप अरेर्न्टे ह्या आदिवासी जमातीचे होते. त्यांनी मुलाचे नाव एलिया असे ठेवले होते. पुढे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा त्याचे नाव आल्बर्ट झाले. वसाहतीच्या शाळेत तो लिहावाचावयास शिकला. परंतु त्याची एक दुसरीही शाळा होती. तेराव्या वर्षी जमातीच्या रीतीप्रमाणे त्याला सहा महिने रानात नेण्यात आले. कोणता डोंगर कोणत्या पूर्वजाचा आणि कोणत्या कड्याशी कोणती कथा निगडित आहे, हे ज्ञान त्याला तेथे वडीलधाऱ्यांकडून मिळाले. त्या लोकांना भूमी ही केवळ चराईची जागा नव्हती. ती त्यांची पोथीच होती.

अठराव्या वर्षाच्या सुमारास त्याने शेजारच्या जमातीतील रुबिना हिच्याशी विवाह केला. हा विवाह जमातीच्या नियमांत बसणारा नसल्यामुळे उभयतांना सुमारे तीन वर्षे दूर राहावे लागले. १९२३ साली ती परत आली. आल्बर्टने सुतारकाम केले, लोहारकाम केले, गुरे राखली, उंटांचे तांडे हाकले. (उंट हा प्राणी मूळचा ऑस्ट्रेलियातील नव्हे. एकोणिसाव्या शतकात तो त्या काळच्या हिंदुस्थानातून जहाजांनी तिकडे नेण्यात आला, आणि त्या रुक्ष प्रदेशात चांगलाच रमला.) फावल्या वेळी तो लाकडाच्या फळ्यांवर व बूमरँगवर तापलेल्या तारेने चित्रे डागी. ती विकून संसारास थोडी मदत होई.

१९३४ साली रेक्स बॅटरबी व जॉन गार्डनर ह्या दोन चित्रकारांनी आपल्या जलरंगातील चित्रांचे प्रदर्शन हर्मन्सबर्ग येथे मांडले. आल्बर्ट ती चित्रे पाहत राहिला. जे डोंगर त्याने जन्मापासून पाहिले होते, तेच कागदावर उतरले होते. असे आपणांसही करता येईल, असे त्याच्या मनाने घेतले. दोन वर्षांनी, १९३६ साली, बॅटरबी पुन्हा आला, तेव्हा दोघांत एक सौदा ठरला. आल्बर्टने उंट हाकावे व वाट दाखवावी. मोबदल्यात बॅटरबीने त्यास रंगविद्या शिकवावी. एकेक महिन्याच्या दोन सफरी झाल्या. त्या दोन महिन्यांत चौतिशीच्या ह्या उंटवाल्याने जे आत्मसात केले, ते पाहून गुरूही थक्क झाला. रंग कसे मिसळावे हे त्यास शिकावे लागले. परंतु कोणत्या प्रहरी कोणत्या कड्यावर कोणता रंग चढतो, हे त्यास कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

१९३८ साली मेलबर्न शहरी त्याच्या चित्रांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. मांडलेली ४१ चित्रे थोड्याच दिवसांत विकली गेली. आरंभी तो चित्रावर नुसते आल्बर्ट असे लिही. आता त्यापुढे त्याने आपल्या पित्याचे नामाट्जिरा हे नाव जोडले. पुढील वर्षी ॲडलेडच्या कलासंग्रहालयाने त्याचे एक चित्र विकत घेतले. त्याच्या चित्रांच्या छापील प्रती घरोघरी भिंतींवर लागल्या. त्याचे मुलगेही चित्रे काढू लागले. १९५४ साली एलिझाबेथ राणी ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर आली, तेव्हा तिच्या भेटीचा मान त्यास मिळाला. काही टीकाकार म्हणत, की ही चित्रे युरोपीय पद्धतीचे केवळ अनुकरण होत. परंतु त्यांना त्यात नुसता देखावा दिसला. चित्रकार मात्र आपल्या पूर्वजांची भूमी रंगवीत होता.

एवढी कीर्ती मिळाली, तरी त्या भूमीचा एक तुकडाही त्यास मिळेना. १९४९-५० च्या सुमारास गुरांसाठी कुरण खंडाने घ्यावे असे त्याने ठरविले. आदिवासी म्हणून त्यास नकार मिळाला. पुढे ॲलिस स्प्रिंग्ज ह्या गावी घर बांधू म्हटले, तर कायदा तेही करू देईना. चित्रांच्या उत्पन्नावर सरकार कर मात्र घेत असे! अखेर गावाबाहेर, एका कोरड्या ओढ्याच्या काठी, हा देशविख्यात मनुष्य झोपडीवजा आडोशात राहू लागला.

१९५७ साली सरकारने आल्बर्ट व रुबिना ह्या दोघांस पूर्ण नागरिकत्वाचे हक्क दिले. त्यांच्या मुलांना किंवा नातलगांना ते मिळाले नाहीत. हक्क मिळालेल्यास मद्य विकत घेण्याची मुभा होती. इतर आदिवासींस ते देणे हा गुन्हा होता. आता अरेर्न्टे लोकांचा कायदा असा, की जे आपल्यापाशी असेल ते नातलगांत वाटून घ्यावे. एकट्याने ठेवणे ही मोठी लाजिरवाणी गोष्ट. आल्बर्टने आयुष्यभर जे मिळविले ते असेच वाटले होते. एका कायद्याने जे कर्तव्य, तेच दुसऱ्या कायद्याने अपराध ठरत होते. १९५८ साली नात्यातील एका चित्रकारास मद्य पुरविल्याच्या आरोपावरून त्यास सहा महिन्यांची शिक्षा झाली. देशभर लोक हळहळले. वरच्या न्यायालयांकडे दाद मागितल्यावर शिक्षा तीन महिन्यांवर आली, पण ती रद्द झाली नाही. १९५९ साली पापुन्या नावाच्या आदिवासी वसाहतीत त्याने दोन महिने स्थानबद्धतेत काढले. तुरुंगाच्या भिंती तेथे नव्हत्या. पण तो सुटून आला तेव्हा त्याचे मन खचले होते व चित्रे काढण्याची उमेद उरली नव्हती. हृदयविकाराने तो आजारी पडला आणि ८ ऑगस्ट १९५९ रोजी ॲलिस स्प्रिंग्ज येथे त्याचे निधन झाले. तेव्हा त्याचे वय ५७ वर्षांचे होते.

ज्या पापुन्यात त्याने ते दोन महिने काढले, तेथेच १९७१ साली आदिवासी वडीलधाऱ्यांनी आपल्या भूमीच्या कथा ठिपक्यांनी व वर्तुळांनी फळ्यांवर रंगविण्यास आरंभ केला. ती चित्रे आज जगातील मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत.

आल्बर्टच्या चित्रांचे छपाईचे हक्क १९८३ साली एका सरकारी अधिकाऱ्याने वारसांना न विचारता एका प्रकाशकास विकून टाकले होते. त्यानंतर त्या चित्रांच्या प्रतींतून त्याच्या कुटुंबास काहीही मिळेनासे झाले. नातवंडांनी व पतवंडांनी पुष्कळ वर्षे खटपट केली. अखेर २०१७ साली एक डॉलर एवढ्या नाममात्र किमतीस ते हक्क त्यांच्या विश्वस्त संस्थेकडे परत आले.