रोग्यांची सेवा करणारे गांधीजी

महात्मा गांधी म्हटले की चरखा, चष्मा आणि काठी डोळ्यापुढे येते. स्वातंत्र्यासाठी ते लढले हे सर्वांना माहीत आहे. पण गांधीजी आजारी माणसांची सेवा लई मनापासून करायचे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून ती माहिती मी येथे लिहीत आहे.

गांधीजींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी गुजरातमधील पोरबंदर येथे झाला. त्यांचे पूर्ण नाव मोहनदास करमचंद गांधी. वडिलांचे नाव करमचंद व आईचे नाव पुतळीबाई होते. मोहन शाळेत शिकत असताना वडील आजारी पडले व अंथरुणाला खिळले. मोहन त्यांची जखम धुवायचा, औषध द्यायचा आणि रोज रात्री त्यांचे पाय चेपायचा. १८८५ साली एका रात्री चुलत्यांनी त्याला झोपायला पाठवले आणि थोड्याच वेळात वडील वारले. शेवटच्या घडीला आपण जवळ नव्हतो, याची खंत गांधीजींना जन्मभर राहिली.

मोठे झाल्यावर ते वकील झाले व १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथे एके दिवशी त्यांच्या दारात कुष्ठरोग झालेला एक माणूस आला. लोक अशा माणसाला हाकलून देत. गांधीजींनी त्याला घरात ठेवून घेतले, त्याच्या जखमा धुतल्या आणि नंतर दवाखान्यात पाठवले. मग ते स्वतः रोज सकाळी एका धर्मादाय दवाखान्यात जाऊन काम करू लागले. १८९९ साली तेथे लढाई सुरू झाली. तेव्हा गांधीजींनी सुमारे ११०० हिंदी लोकांचे पथक उभे केले. ते जखमी शिपायांना डोलीत घालून मैलोन् मैल चालत नेत.

पुढे गांधीजी भारतात परत आले. १९३६ पासून ते आपल्या महाराष्ट्रात, वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला राहू लागले. तेथे १९३९ साली परचुरे शास्त्री नावाचे गृहस्थ आले. ते संस्कृतचे मोठे पंडित होते. पूर्वी ते आणि गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात कैदी होते. परचुरे शास्त्रींना कुष्ठरोग झाला होता. आश्रमात लेकरेबाळे होती, म्हणून गांधीजींनी सर्वांना विचारले. सगळे हो म्हणाले. मग गांधीजींनी आपल्या झोपडीजवळच त्यांना झोपडी बांधून दिली.

आता या रोगाचे थोडे सांगते. कुष्ठरोग कातडीचा वाटतो, पण त्याचे जंतू आपल्या नसांनाही बिघडवतात. ज्या नसा मेंदूला निरोप देतात त्या बिघडल्या की हातापायाला कळतच नाही. काटा मोडला, चुलीचा चटका बसला, तरी दुखत नाही. माणूस तसाच चालतो आणि जखम वाढत जाते. हाताची ताकद जाते, बोटे वाकडी होतात. म्हणून अशा रोग्याला औषधाइतकीच सेवेची गरज असते. रोज पाय पाण्यात भिजवायचे, जखम आहे का ते डोळ्यांनी बघायचे, तेल लावायचे, बोटे हळूहळू सरळ करायची आणि मऊ तळाची चप्पल घालायची.

त्या काळी या रोगावर चांगले औषध नव्हते. गांधीजींच्या मागे केवढी तरी कामे होती. मोठमोठे पुढारी त्यांना भेटायला येत. तरी ते वेळ काढून शास्त्रींच्या जखमा स्वच्छ करायचे व त्यांच्या अंगाला मालीश करायचे. जे लोक रोग्याच्या सावलीलाही भ्यायचे, त्यांनी हे पाहिले. पुढे परचुरे शास्त्री वर्ध्याजवळच दत्तपूरच्या कुष्ठधामात राहिले. मनोहरजी दिवाण यांनी ते १९३६ साली सुरू केले होते. १९४५ साली शास्त्री तेथेच वारले.

३० जानेवारी १९४८ रोजी दिल्ली येथे गांधीजींची हत्या झाली. त्यांच्या या सेवेची आठवण म्हणून ३० जानेवारी हा दिवस भारतात कुष्ठरोग निवारण दिन म्हणून पाळतात.

मित्रांनो, आणि शाळा पाहायला आलेल्या आईवडिलांनो, आता काळ बदलला आहे. या रोगावर पक्के औषध आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या फुकट मिळतात. आपल्या जालना जिल्ह्यातही मिळतात. सहा ते बारा महिने न चुकता गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो. गोळ्या सुरू झाल्या की तो दुसऱ्याला होत नाही. पण लोक लाजेने चट्टा लपवतात. लग्न मोडेल, लोक नावे ठेवतील असे त्यांना भ्या वाटते. तोवर नसा बिघडतात आणि मग वाकडी झालेली बोटे गोळ्यांनी सरळ होत नाहीत. म्हणून अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तो खाजत नसेल, चिमटा घेतला तरी कळत नसेल, तर लगेच आशाताईंना दाखवावा. लपवू नये. आणि कोणाला हा रोग झाला तर त्याच्याशी बोलणे, त्याच्याजवळ बसणे सोडू नये.

गांधीजींनी हाताने सेवा केली. आपण निदान एवढे तरी करू. अशा या थोर पुरुषास माझे कोटी कोटी प्रणाम!

— इयत्ता चौथी