हेन्री फोर्ड : स्वस्त गाडीवाला आणि त्याच्या घरची विजेची गाडी



आपल्या अमरावती–अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला, गिनीज बुकात नोंद झाली, हे तुम्ही मुलांना सांगितलंच असेल. आता त्या रस्त्यावर चालवायला गाडी कोणती घ्यायची? कमी पैशांत येणारी, चांगलं ॲव्हरेज देणारी पेट्रोलची, की महागडी विजेची? हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. हेन्री फोर्डच्या तर घरातच होता. त्याचं चरित्र शिकवताना नेमका हाच भाग सुटतो.

फोर्डचा जन्म ३० जुलै १८६३ चा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, शेतकऱ्याच्या घरी. शेतीत मन लागेना. सोळाव्या वर्षी त्याने डेट्रॉइट शहर गाठलं. पुढे नोकरी लागली ती, गंमत पाहा, एडिसनच्या नावाच्या वीज कंपनीत! दिवसा विजेचं काम अन् उरलेल्या वेळात घरामागच्या शेडमध्ये पेट्रोल इंजिनाची खटपट. जून १८९६ मध्ये पहिली गाडी तयार झाली, तर ती दारातून निघेना. भिंत फोडावी लागली. त्याच वर्षी एडिसनची भेट झाली. बॅटरी फार जड असते हे ओळखून खुद्द एडिसननेच त्याला पेट्रोलची वाट सोडू नको असं सांगितलं.

१९०८ मध्ये ‘मॉडेल टी’ आली. हलकी, दणकट, चिखलाच्या रस्त्यावरही चालणारी. ॲव्हरेज आजच्या मानाने कमीच, लिटरला साधारण ५ ते ९ किलोमीटर. सुरुवातीची किंमत ८५० डॉलर होती. १९१३ मध्ये सरकत्या साखळीवर जुळणी सुरू झाली आणि बारा तासांहून जास्त लागणारं सांगाड्याचं काम दीड तासावर आलं. १९२५ पर्यंत गाडी ३०० डॉलरच्या आत मिळू लागली. १९१४ मध्ये त्याने मजुरी दिवसाला ५ डॉलर केली. कामगार टिकत नव्हते, हेही कारण होतंच.

आणि याच काळात त्याची पत्नी क्लारा कशात फिरायची? ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ या विजेच्या गाडीत! हँडल मारायची कटकट नाही, धूर नाही, आवाज नाही. किंमत मात्र मॉडेल टीच्या कितीतरी पट. फोर्डला तिचे गुण दिसत होते. १९१४ च्या सुमारास एडिसनला सोबत घेऊन स्वस्त विजेची गाडी करायचा त्याने प्रयत्न केला, नमुनेही बनवले. पण एडिसनच्या बॅटरीत तेवढा दम नव्हता. तोवर पेट्रोल गाड्यांनाही विजेचा स्टार्टर बसू लागला आणि हँडलची कटकट संपत चालली. माझ्या मते विजेची गाडी हरली ती किमतीवर आणि बॅटरीवर. चालवायला तीच सोपी होती.

मुलांना दुसरी बाजूही सांगा. फोर्डच्या वृत्तपत्राने ज्यू लोकांविरुद्ध द्वेष पसरवला. कामगार संघटनेलाही १९४१ पर्यंत त्याने दारात उभं केलं नाही.

१९२७ मध्ये मॉडेल टी बंद झाली, तेव्हा दीड कोटींहून जास्त गाड्या बनल्या होत्या. ७ एप्रिल १९४७ च्या रात्री फोर्ड गेला. नदीला पूर आल्याने घरची वीज गेली होती. खोलीत मेणबत्त्या अन् दिवा जळत होता.