विश्लेषण : मुलांना आणखी एक वर्ष शाळा मिळावी म्हणून मंत्रिमंडळात भांडलेल्या एलेन विल्किन्सन कोण होत्या?

आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयासाठी आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 18 वर्षांपर्यंत सर्वांना शालेय शिक्षण हे उद्दिष्ट ठेवले, पण 14 नंतर कायद्याची सक्ती नाही. ही वयोमर्यादा वाढवणे इतके अवघड का असते? इंग्लंडमध्ये 14 चे 15 होण्यासाठी तीन कायदे आणि जवळपास 30 वर्षे लागली. ती वेळ शेवटी टळू दिली नाही एलेन विल्किन्सन यांनी. त्या इंग्लंडच्या पहिल्या महिला शिक्षणमंत्री.

गिरण्यांच्या शहरातली मुलगी

एलेन यांचा जन्म 8 ऑक्टोबर 1891 रोजी मँचेस्टरच्या एका कामगार वस्तीत झाला. वडील आधी कापड गिरणीत कामाला होते, पुढे विमा एजंट झाले. पहिली शाळा अगदी कळकट, एकाच खोलीत पाच वर्ग. त्यातच आजारपणामुळे एलेन दोन वर्षे घरीच होत्या. तेवढ्या काळात त्या वाचायला शिकल्या आणि 11 व्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून वरच्या शाळेत गेल्या.

त्या काळी लँकेशायरच्या गिरणी पट्ट्यात 12 वर्षांची मुले अर्धा दिवस शाळेत आणि अर्धा दिवस गिरणीत असत. कायद्याला ते मान्य होते आणि अनेक पालकांनाही हवे होते, कारण घरात चार पैसे येत. एलेन या मुलांपेक्षा नशीबवान ठरल्या. 1906 मध्ये 25 पौंडांचे विद्यावेतन मिळाले. मग अर्धा आठवडा शिक्षक प्रशिक्षण आणि अर्धा आठवडा शाळेत शिकवणे सुरू झाले. 1910 मध्ये पुन्हा शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या इतिहास शिकायला मँचेस्टर विद्यापीठात दाखल झाल्या. प्रत्येक पायरीवर एकेक शिष्यवृत्ती आडवी आली नसती, तर त्यांचे शिक्षणही लवकरच थांबले असते.

पुण्याशी आलेला संबंध

पुढचा प्रवास वेगवान आहे. महिलांच्या मताधिकाराची चळवळ, कामगार संघटना, काही वर्षे कम्युनिस्ट पक्ष आणि 1924 मध्ये मजूर पक्षाच्या खासदार. उंची पाच फुटांहून कमी, केस लालसर आणि विचारही डावे, म्हणून ‘रेड एलेन’ हे नाव पडले. 1932 मध्ये ‘इंडिया लीग’च्या शिष्टमंडळातून व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यासोबत त्या भारतात आल्या आणि तुरुंगात असलेल्या गांधीजींना भेटल्या. गांधीजी तेव्हा पुण्यात येरवड्याला होते.

इंग्लंडमध्ये त्या लोकांच्या लक्षात राहिल्या त्या 1936 च्या जॅरो मोर्चामुळे. जहाजबांधणीचा कारखाना बंद पडून जॅरो गावातले बहुतांश पुरुष बेकार झाले होते. त्यातले 200 जण काम मागण्यासाठी लंडनपर्यंत चालत गेले. गावच्या खासदार म्हणून एलेन वाटेत अनेक ठिकाणी त्यांच्याबरोबर चालल्या. मोर्चाच्या हाती त्या वेळी काहीच लागले नाही.

तीनदा दिलेले आश्वासन

1945 मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला आणि पंतप्रधान क्लेमंट अ‍ॅटली यांनी त्यांना शिक्षण खाते दिले. खात्यासोबत एक जुने देणेही आले.

1918 च्या कायद्याने शाळा सोडण्याचे वय 14 केले आणि गिरणीतली ‘अर्धी शाळा’ बंद करायचे ठरले. त्याच कायद्यात कामावर जाणाऱ्या मुलांना 18 वर्षांपर्यंत आठवड्यातले काही तास शिक्षण देण्याची तरतूदही होती. म्हणजे आज आपण ज्या 18 ची चर्चा करतो, ती तिथे शंभर वर्षांपूर्वीच कागदावर आली होती! 1920 च्या दशकातल्या खर्चकपातीत ती योजना जवळपास गुंडाळली गेली. 1936 च्या कायद्याने वय 15 केले. अंमलबजावणीची तारीख होती 1 सप्टेंबर 1939. नेमक्या त्याच दिवशी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि निर्णय बारगळला. 1944 च्या कायद्याने पुन्हा 15 चे वचन दिले, मात्र 1 एप्रिल 1947 पर्यंत मुदत वाढवण्याची सोय ठेवली. या कायद्यात सोयीचे झाल्यावर वय 16 करण्याचाही उल्लेख होता.

अडचणी खोट्या नव्हत्या. बॉम्बहल्ल्यांत शाळा पडल्या होत्या. सिमेंट, लाकूड, मजूर, सगळ्यांचीच टंचाई होती. वर्गात उभे राहायला शिक्षक नव्हते. कायद्यात 14 खोडून 15 लिहिणे सोपे, पण त्या एका आकड्याचा भार खोल्या, बाके, शिक्षक आणि जेवण या सगळ्यांवर येतो. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचे तर मागणी आधी वाढवली आणि क्षमता नंतर, तर यंत्रणा कोसळते.

एलेन यांनी हा हिशेब उलटा लावला. तारीख पक्की धरायची आणि क्षमता त्या तारखेपर्यंत जमेल तशी आणायची. शाळांच्या आवारात सिमेंटच्या तयार भागांपासून झटपट वर्गखोल्या उभ्या राहू लागल्या. या योजनेला ‘हॉर्सा’ म्हणत. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना आणि इतर प्रौढांना वर्षभराचे प्रशिक्षण देऊन शिक्षक करण्याची योजना त्यांच्या आधीच आखली गेली होती, तिला त्यांनी वेग दिला. 1951 पर्यंत तिच्यातून सुमारे 35 हजार शिक्षक तयार झाले. 1946 मध्ये शाळेतल्या प्रत्येक मुलाला रोज एक तृतीयांश पिंट, म्हणजे साधारण 190 मिलिलिटर, दूध मोफत मिळू लागले.

शेवटची लढाई

जानेवारी 1947 मध्ये मंत्रिमंडळात प्रस्ताव आला की तारीख काही महिने पुढे ढकलावी. कारखान्यांत माणसे कमी होती. 14 वर्षांची मुले आणखी वर्षभर शाळेत राहिली तर कामगार कुठून आणायचे, असा आर्थिक बाजू पाहणाऱ्या मंत्र्यांचा सवाल होता. हा सवाल कोणा जुन्या गिरणीमालकाचा नव्हता, तो कामगारांच्याच सरकारमधून आला होता.

एलेन अडून बसल्या. युद्धामुळे ज्यांची शाळा आधीच बुडाली, नुकसान त्याच मुलांचे होणार आणि ती गरिबांचीच असणार, हा त्यांचा मुद्दा होता. काही महिन्यांची मुदतवाढ मागणे वरवर अवास्तव वाटत नाही. पण आधीच्या तारखांचे काय झाले ते पाहिले, तर त्यांचा हट्ट पटतो. मंत्रिमंडळाने 1 एप्रिल कायम ठेवली.

ती तारीख पाहायला त्या राहिल्या नाहीत. दम्यासारख्या श्वसनविकाराने त्या अनेक वर्षे त्रस्त होत्या. जानेवारीच्या अखेरीस कडाक्याच्या थंडीत एका नाट्यशाळेच्या उद्घाटनाला गेल्या आणि आजारी पडल्या. 6 फेब्रुवारी 1947 रोजी लंडनच्या रुग्णालयात वयाच्या 55 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. औषधाची मात्रा जास्त झाली होती. तो अपघात असल्याचा निष्कर्ष मृत्यूच्या चौकशीत निघाला.

वाढीव वर्षात काय मिळाले?

टीकेची जागा इथे आहे. 11 व्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांना वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटण्याची पद्धत एलेन यांनी मोडली नाही, त्यांच्याच पक्षातले अनेक जण यावर नाराज होते. बहुसंख्य कामगारांची मुले ज्या ‘सेकंडरी मॉडर्न’ शाळांत गेली, तिथून 15 व्या वर्षी बाहेर पडताना बहुतेकांच्या हाती कोणतेही राष्ट्रीय प्रमाणपत्र नसे. शिष्यवृत्त्यांवर वर आलेल्या मंत्र्यांकडून या वाटणीला हात लागू नये, हे खटकते.

वय 16 व्हायला 1972 उजाडले. इंग्लंडमध्ये 2015 पासून 18 वर्षांपर्यंत शिक्षण किंवा प्रशिक्षण घेणे बंधनकारक आहे. त्यासाठी शाळेतच बसावे लागत नाही. कॉलेज, अ‍ॅप्रेंटिसशिप किंवा नोकरीसोबत अर्धवेळ शिक्षणही चालते. 1918 च्या बारगळलेल्या योजनेशी त्याचे साम्य सहज दिसते. आणि 1947 साठी घाईने उभारलेल्या ‘हॉर्सा’च्या त्या तात्पुरत्या खोल्यांपैकी अनेकींत पुढची कित्येक दशके वर्ग भरत राहिले.