जयप्रकाश नारायण

जयप्रकाश नारायण (११ ऑक्टोबर १९०२ – ८ ऑक्टोबर १९७९) हे भारतीय स्वातंत्र्यसैनिक, समाजवादी विचारवंत व सर्वोदयी नेते होते. ते ‘लोकनायक’ आणि ‘जेपी’ या नावांनी ओळखले जातात. आयुष्याची अखेरची सुमारे चार वर्षे ते डायलिसिसवर होते.

जीवन व कार्य
त्यांचा जन्म बिहारमधील सिताबदियारा येथे झाला. १९२२ ते १९२९ या काळात त्यांनी अमेरिकेत शिक्षण घेतले. १९३२ मध्ये नाशिकच्या तुरुंगात असताना अच्युत पटवर्धन, ना. ग. गोरे, मिनू मसानी आदींशी झालेल्या विचारविनिमयातून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकारास आली. १९४२ च्या लढ्यात ते हजारीबागच्या तुरुंगातून निसटले. १९५४ मध्ये त्यांनी सर्वोदय कार्यासाठी जीवनदान जाहीर केले. ५ जून १९७४ रोजी पाटणा येथे त्यांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली.

आजार व डायलिसिस
आणीबाणीत चंडीगढ येथे स्थानबद्ध असताना त्यांची प्रकृती ढासळली. १२ नोव्हेंबर १९७५ रोजी त्यांची पॅरोलवर सुटका झाली. पुढे मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निष्पन्न झाले व नियमित डायलिसिस सुरू झाले. आज अमरावती, अकोला यांसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणीही ही सोय आहे. त्या काळी मात्र ती मोजक्याच मोठ्या शहरांत होती. डायलिसिस यंत्रासाठी सामान्य लोकांनी वर्गणी दिली. पंतप्रधान साहाय्य निधीतून आलेले ९० हजार रुपये त्यांनी स्वीकारले नाहीत.

डायलिसिसमुळे युरियासारखे लहान रेणू पडद्यातून गाळले जातात. मात्र आतड्यातील जिवाणूंच्या क्रियेतून उद्भवणारी इंडॉक्सिल सल्फेट, पॅरा-क्रेसिल सल्फेट ही द्रव्ये रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहतात. अल्ब्युमिनचा रेणू मोठा असल्याने तो पडदा ओलांडत नाही. त्यामुळे ही विषद्रव्ये बरीचशी रक्तातच उरतात. निरोगी मूत्रपिंडाच्या नलिकांतील पेशी ती ओढून मूत्रात टाकतात. हे काम यंत्राला साधत नाही. हेमोडायाफिल्ट्रेशन व शोषक द्रव्ये यांनी ही उणीव आजही अंशतःच भरून निघते.

अखेरचा काळ
या मर्यादित उपचाराच्या आधारावरच त्यांनी विरोधी पक्षांना एकत्र आणले आणि १९७७ च्या निवडणुकीत जनता पक्ष सत्तेवर आला. त्याच वर्षी ते उपचारांसाठी सिएटल येथे गेले. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० मध्ये याच शहरात हातावर कायम राहणारी नळी बसवून दीर्घकालीन डायलिसिस शक्य केले होते. मार्च १९७९ मध्ये ते जसलोकमध्ये हयात असताना त्यांच्या निधनाची चुकीची घोषणा संसदेत झाली. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटणा येथे त्यांचे निधन झाले. १९९९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.