विश्लेषण : हात धुवायला लावणाऱ्या डॉक्टरचा बळी सेप्सिसने कसा घेतला?

व्हिएन्नातील एका मनोरुग्णालयात १३ ऑगस्ट १८६५ रोजी ४७ वर्षांच्या एका डॉक्टरचा मृत्यू झाला. दाखल होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. हाताची जखम चिघळून संसर्ग रक्तात पसरला होता. ज्या आजारापासून बाळंतिणींना वाचवण्यासाठी इग्नाझ सेमेलवाइस झगडले, त्याच जातीच्या आजाराने त्यांचा घास घेतला.

व्हिएन्नात काय घडत होते?

सेमेलवाइस मूळचे हंगेरीतील बुडाचे, एका किराणा व्यापाऱ्याचे पुत्र. व्हिएन्नाला आले ते कायदा शिकायला, पण वळले वैद्यकाकडे. १८४६ मध्ये तिथल्या सरकारी रुग्णालयात ते प्रसूती विभागाचे सहायक झाले. तिथे दोन कक्ष होते. पहिल्यात डॉक्टर आणि विद्यार्थी बाळंतपणे करत, दुसऱ्यात सुईणी. त्या वर्षी पहिल्या कक्षात शंभरातील ११ बाळंतिणी दगावल्या. दुसऱ्यात तीनही नाहीत.

शहरातील बायकांना हे ठाऊक होते. पहिल्या कक्षात टाकू नका म्हणून त्या हातापाया पडत. रुग्णालयाच्या वाटेवर, रस्त्यातच बाळंत झालेल्या बायकाही या कक्षातल्यांपेक्षा जास्त वाचत. गर्दी, हवा, बाळंतपणातली स्थिती, इतकेच काय, अंत्यसंस्कारासाठी येणाऱ्या धर्मगुरूची घंटाही सेमेलवाइस यांनी तपासून पाहिली. उत्तर मिळेना.

मित्राच्या मृत्यूने काय उलगडले?

मार्च १८४७ मध्ये त्यांचे सहकारी प्रा. याकोब कोलेच्का यांना शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याच्या हातातील सुरीने जखम झाली आणि ते गेले. त्यांच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचताना सेमेलवाइस थबकले. बाळंतिणींच्या शरीरात दिसायच्या त्याच खुणा एका पुरुषाच्या शरीरात होत्या. विद्यार्थी शवागारातून थेट प्रसूती कक्षात येत. सुईणी शवविच्छेदन करत नव्हत्या. मे महिन्यात त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाने, हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेला मृत्युदर जूनमध्ये दोन टक्क्यांच्या आसपास आला.

आजार आत शिरतो कुठून, हे कळले. आत गेल्यावर तो करतो काय, हे मात्र शवविच्छेदनाच्या टेबलावर दिसणे शक्यच नव्हते. तिथे थांबलेले रक्त दिसते, वाहणारे नाही.

सेप्सिसमध्ये रक्त कुठे अडते?

सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांत, म्हणजे केशवाहिन्यांत. त्या इतक्या अरुंद असतात की लाल पेशींना एकामागून एक, अंग चोरून पुढे सरकावे लागते. पेशींना ऑक्सिजन मिळतो तो इथेच. सेप्सिसमध्ये संसर्गाला उत्तर देताना शरीराची प्रतिक्रियाच बेताल होते. केशवाहिन्यांच्या आतील गुळगुळीत अस्तर झिजते. त्याला पांढऱ्या पेशी चिकटतात, सूक्ष्म गुठळ्या होतात, लाल पेशी ताठर बनतात. भिंतीतून पाणी झिरपून ऊती सुजतात, त्यामुळे ऑक्सिजनला पेशीपर्यंत जास्त अंतर कापावे लागते. त्यातच मोठ्या वाहिन्या सैलावून रक्तदाब घसरतो.

खरी मेख पुढे आहे. काही केशवाहिन्या बंद पडतात आणि शेजारच्यांतून रक्त इतके वेगाने धावते की ऑक्सिजन न उतरवताच परत फिरते. म्हणून बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९७ दाखवत असतानाही मूत्रपिंड किंवा मेंदू उपाशी असू शकतो. औषधांनी रक्तदाब सावरला तरी हा बारीक प्रवाह सावरेलच असे नाही. म्हणूनच लघवी कमी होणे, गोंधळल्यासारखे बोलणे, गुडघ्यांवरची त्वचा जाळीदार निळसर पडणे, रक्तातील लॅक्टेट वाढणे या खुणांकडे डॉक्टर लक्ष ठेवतात. जिभेखाली सूक्ष्मदर्शक कॅमेरा धरून हा प्रवाह जिवंतपणी पाहण्याची सोय अलीकडची. तीही मुख्यतः संशोधनापुरती.

सेमेलवाइस यांचे पुढे काय झाले?

डॉक्टरांच्याच हातून मृत्यू पसरतो, हे ज्येष्ठांच्या पचनी पडले नाही. सेमेलवाइस यांनीही आपले म्हणणे लिहून काढायला फार उशीर केला, ही त्यांची चूकच. १८५० मध्ये ते व्हिएन्ना सोडून पेस्टला गेले. ग्रंथ आला तो दहा वर्षांनी. त्यानंतरच्या खुल्या पत्रांत त्यांनी नामवंत प्रसूतितज्ज्ञांना थेट खुनी ठरवले; जे ऐकण्याच्या तयारीत होते तेही दुरावले. पुढे मन ढळू लागले. जुलै १८६५ मध्ये त्यांना फसवून मनोरुग्णालयात नेण्यात आले. तिथे पहारेकऱ्यांनी त्यांना मारहाण केल्याचे मानले जाते. त्यांचे शवविच्छेदन झाले ते त्यांनी जिथे हात धुवायला लावले होते त्याच व्हिएन्नाच्या रुग्णालयात.

त्यांच्या मृत्यूच्या आदल्याच दिवशी, ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टर यांनी गाडीखाली पाय मोडलेल्या एका मुलाच्या उघड्या जखमेवर कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी बांधली. ती जखम चिघळली नाही.